पाठ सोडायची न्हाई

घोडेगावच्या शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारात मच्छिंद्र दलालाला ओळखत नाही असा माणूस एक तर परगावचा असायचा, नाहीतर त्याच्याकडं जनावरच नसायचं. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर लाल चौकड्यांचा टॉवेल आणि बोलणं असं गोड की भांडायला आलेला माणूस चहा पाजून जायचा. त्यानं एखादी गाय हेरली की ती विकली गेलीच म्हणून समजा, मग मालकाची इच्छा असो वा नसो. शेतकरी म्हणायचा, "द्यायची न्हाई." मच्छिंद्र म्हणायचा, "बरं," आणि त्याच्या मागं मागं चहाच्या टपरीपर्यंत, टपरीपासून पाण्याच्या हौदापर्यंत, हौदापासून टेम्पोपर्यंत जायचा. गाय टेम्पोत चढली तरी हा फाळका धरून बोलतच असायचा. शेवटी माणूस कंटाळून टॉवेलाखाली हात द्यायचा. त्या बाजारात जुनी माणसं भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि मालक टॉवेलाखाली हात घालतात आणि बोटं दाबून ठरवतात, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नाही. मच्छिंद्रच्या टॉवेलाखाली एकदा हात गेला की तो सौदा केल्याशिवाय बाहेर येत नसे.

"न्हाई म्हंजी पहिला भाव," टपरीवर जमलेल्या पोरांना तो शिकवायचा. "मानूस न्हाई म्हनला की समजायचं, बोलनी सुरू झाली. पाठ सोडायची न्हाई."

आणि एवढं सांगून झालं की पुरावा म्हणून तो आपल्या लग्नाची गोष्ट काढायचा.

ती गोष्ट सगळ्या पंचक्रोशीला पाठ होती. तरणा मच्छिंद्र तिसगावच्या बाजाराला गेला असताना त्याला एसटीची वाट बघत उभी असलेली छबू दिसली. छबू पाथर्डीला कॉलेजात जायची. हा राजदूत गाडीवरून एसटीच्या मागं पाथर्डीपर्यंत गेला. दुसऱ्या आठवड्यात परत गेला, मग बाजार नसतानाही जायला लागला. तिनं एकदा चप्पल दाखवली. एकदा दगड भिरकावला, तो राजदूतच्या दिव्याला लागून काच फुटली. "ती काच मी अजून जपून ठेवलीय," असं म्हणून मच्छिंद्र थांबायचा, कारण इथं हशा ठरलेला होता. "दोन वरीस न्हाई न्हाई म्हनत हुती. शेवटी आली का न्हाई माझ्याच घरात?"

घरी पाहुणे असले तर हीच गोष्ट पुन्हा व्हायची आणि कुणीतरी हमखास विचारायचं, "काय वहिनी, खरं का?" चहाचा ट्रे घेऊन आलेली छबूबाई हसायची. "काय तरी तुमचं," एवढंच म्हणायची.

तेवढ्यावरून तिला कुणी गरीब गाय समजू नये. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवरून तिनं सरपंचाला भर थंडीत घाम फोडला होता. डेअरीचा माणूस तिच्या दुधाचं फॅट लावताना दोनदा बघायचा. गोठा तिचा, हिशेब तिचा, शब्दही तिचाच शेवटचा. फक्त त्या एका गोष्टीपाशी ती हसून मोकळी व्हायची, आणि गेली सत्तावीस वर्षं तिला वाटायचं की त्या हसण्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

मग एका दुपारी शेजारच्या आप्पासाहेबांची निकिता वाटी घेऊन विरजण मागायला आली.

निकिता नगरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. वस्तीवरून हायवेच्या फाट्यापर्यंत चालत जायची आणि तिथून एसटी. अंगापिंडानं बारीक, पण चालायची अशी झपझप की सोबतीच्या पोरींना पळावं लागायचं. विरजण घेऊन झालं तरी ती ओट्यापासून हलेना.

"काकू, एक बोलायचंय. तुम्हाला राग येईल."

"येऊ दे. बोल."

"पार्थ माझी पाठ सोडत नाही."

पार्थ म्हणजे छबूबाईचा एकुलता एक मुलगा. तेवीस वर्षांचा, बापाबरोबर बाजार करणारा, दिसायला देखणा, आईला पाण्याची घागर उचलू न देणारा. छबूबाईनं तोंडातलं 'काहीतरी काय' गिळलं आणि पाटावर बसली. निकितानं एकेक गोष्ट सांगितली, रडली नाही. रोज सकाळी फाट्यावर गाडी लावून उभा असतो, तो दिसू नये म्हणून निकिता एसटीत खिडकीपाशी बसत नाही. त्याचा मित्र कल्याण डेअरीत जमलेल्या दुधाचा पिकअप घेऊन फिरतो, तो निकिता कुठल्या एसटीत चढली ते फोन करून कळवतो आणि वाटेत दिसली की मोठ्यानं 'वहिनी' म्हणून हाक मारतो. नंबर ब्लॉक केला तर दुसऱ्या नंबरावरून मेसेज येतो: आज निळा ड्रेस चांगला दिसत होता. गेल्या आठवड्यात तर नगरला कॉलेजसमोर येऊन उभा राहिला.

"तू त्याला सरळ न्हाई म्हनलीस का पन?" छबूबाईनं विचारलं.

"तीनदा. तोंडावर. तर हसला आणि म्हणाला, आमची आई पण दोन वर्षं नाहीच म्हणत होती." निकितानं पहिल्यांदाच नजर वर केली. "तुमची ती राजदूतची गोष्ट सांगितली मला. म्हणाला, तू पण एक दिवस असंच हसत सांगशील."

आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या दारात चोरीचा माल म्हणून सापडावी, तसं छबूबाईला झालं.

"आप्पांना सांगितलंस?"

"त्यांना सांगितलं तर ते पार्थला काय करतील माहीत नाही, पण माझं कॉलेज उद्यापासून बंद. लगेच स्थळ बघतील. मला हे शिक्षण पुरं करायचंय काकू. म्हणून तुमच्याकडं आले."

आप्पासाहेब माणूस वाईट नव्हता. पोरीवर जीव होता आणि म्हणूनच तो घाबरला असता. घाबरलेला बाप काय करतो हे छबूबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचा बापही वाईट नव्हता.

"ऐक," ती म्हणाली. "तुझं नाव कुटं निघनार न्हाई, ही माझी जबान. आणि ह्याउपर तो तुला दिसला, तर मी सोता तुझ्यासंगं ठान्यात येईन. त्याची आई म्हनून न्हाई, तुझी साक्षीदार म्हनून. जा आता. विरजन झाकून ने."

निकिता गेली. छबूबाईनं मात्र त्या दुपारी गोठ्यात जाऊन स्वच्छ असलेली जमीन पुन्हा एकदा झाडून काढली.

संध्याकाळी धार काढताना तिनं पार्थला गाठलं. तिला वाटलं होतं की पोरगं खाली मान घालेल, खोटं बोलेल, निदान लाजेल. पण पार्थ लाजला नाही. आपण काही वाईट करतोय असं त्याच्या गावीही नव्हतं, आणि छबूबाईला खरी भीती वाटली ती तिथं.

"अगं आई, मी तिला बोट तरी लावलंय का? नुसता उभा ऱ्हातो. माझं खरंच प्रेम हाय तिच्यावर."

"ती न्हाई म्हनतीय."

"पोरी पयल्यांदा न्हाईच म्हंतात. सगळीच म्हंतात. कल्याणला इचार." त्यानं बादली उचलली. "आणि तूच बघ की. पप्पांनी तेव्हाच पाठ सोडली असती तर मी असतो का आज? पप्पा सांगतात तेव्हा तू किती हसतीस!"

छबूबाईला वाटलं होतं, पोराला कुणीतरी बिघडवलं. आता कळलं की बिघडवणारं बाहेरचं कुणीच नव्हतं. बाप शिकवत होता, मित्र उजळणी घेत होते, आणि आईनं दर वेळी हसून बरोबरची खूण केली होती. पोरगं हुशार, चांगलं शिकलं. ह्या घरात 'नाही' ऐकायला मात्र त्याला कुणीच शिकवलं नव्हतं. ते आता शिकवलं नाही, तर निकिताचं शिक्षण जाणार आणि आपला पोरगा आयुष्यभर मच्छिंद्र दलाल होऊन राहणार, हे तिला लख्ख दिसलं.

मच्छिंद्रला सांगून काही उपयोग होतो का, तेही तिनं पाहिलं. नाव न घेता, पोरगं एका मुलीच्या मागं आहे एवढंच सांगितलं. तो खूश झाला. "माझ्यावर गेलंय," म्हणाला आणि कूस बदलून घोरायला लागला.

शुक्रवारी सकाळी छबूबाईनं चांगलं लुगडं नेसलं.

"बाजारला येते मी. कालवड बघायचीय."

"बायामानसाचं काय काम तिथं?" मच्छिंद्र म्हणाला. "मी आनतो की."

"गोठा माझा, कालवड मी बघनार," असं म्हणून ती दारात उभ्या असलेल्या कल्याणच्या पिकअपमध्ये पुढं जाऊन बसली. बापलेक मोटारसायकलवर गेले. कल्याणला काकूंसाठी गाणं कुठलं लावावं असा प्रश्न पडला होता, पण ती वेळ आली नाही.

"कल्याण, निकिता कुठल्या एसटीनं जाते हे तुला पाठ हाय म्हनं."

पिकअप एका खड्ड्याच्या बाजूनं नीट गेला असता, तो नेमका त्यात आदळला.

"काकू, ते... मित्राला जरा मदत म्हनून."

"तिनं मागितली हुती का मदत?"

"न्हाई."

"मंग ज्यानं मागितली न्हाई त्याला न दिलेली बरी. आजपास्नं तुझ्या तोंडात तिचं नाव नको, आणि वहिनी तर नकोच. पुन्यांदा आलं तर आमचं दूध दुसऱ्या गाडीत जाईल, आणि का गेलं ते मी डेअरीत सांगन."

कल्याण एरवी बडबड्या. पण बाजार येईपर्यंत त्यानं फक्त गिअर बदलले.

बाजार भरात होता. धूळ, शेण, चहा, शिंगांना लावलेला रंग, हंबरणं, मोबाईलवर ओरडणारी माणसं. गायांच्या दावणींमधून छबूबाई अशी चालली की जणू दर शुक्रवारी येत होती. टपरीवर मच्छिंद्र बाकड्यावर मांड ठोकून बसला होता. समोर पार्थ आणि चार-सहा पोरं, शेजारी संगमनेरकडून आलेला पुंजाराम नावाचा व्यापारी. गोष्ट दिव्याच्या काचेपर्यंत आली होती.

"...अजून जपून ठेवलीय," मच्छिंद्र म्हणाला आणि हशासाठी थांबला. हशा झाला. तेवढ्यात त्याला बायको दिसली. "ही बघा, सोता आली! इचारा, इचारा खरं का खोटं."

पुंजाराम सभ्य माणूस. हात जोडून म्हणाला, "काय वहिनी, खरं का?"

सगळी हसऱ्या तोंडानं तिच्याकडं बघायला लागली. पार्थही. छबूबाई हसली नाही.

"खरं हाय," ती म्हणाली. "पन गोष्ट अर्धीच हाय. बाकीची मी सांगते. अवो, टॉवेल काढा खांद्यावरचा."

"काय?"

"टॉवेल. आपल्याला एक सौदा करायचाय."

पोरांनी शिट्ट्या मारल्या. मच्छिंद्रला गंमत वाटली. त्यानं टॉवेल काढून हातावर टाकला आणि छबूबाईनं त्याखाली हात घातला. बाईमाणसाचा हात टॉवेलाखाली कुणी पाहिला नव्हता. शेजारच्या दावणीवरची दोन म्हातारी माणसं उठून जवळ आली.

"आता सांगा," ती म्हणाली. "गाय इकायची तर ह्या टॉवेलाखाली हात कुनाचा असतो?"

"दलालाचा आन् मालकाचा."

"गाईचा न्हाई?"

"गाईला कोन इचारतं?" मच्छिंद्र म्हणाला आणि सगळे खदखदून हसले.

"तेच," छबूबाई म्हणाली. "मला बी कुनी इचारलं न्हाई. तुमी सांगता शेवटी मी हो म्हनले. कवा म्हनले? कुठं म्हनले? तुमच्या राजदूतपायी तिसगावात लोकं बोलाया लागली. माझा बाप घाबरला. मला डीएडला नंबर लागला हुता, नगरला. कागद आला हुता घरी. बापानं कागद तसाच ठिवला आन् तुमच्या बापाला निरोप धाडला. सौदा तुमचा नि त्याचा झाला. मी दावनीला हुते."

आता कुणी हसत नव्हतं. टपरीवाल्यानं चहा गाळताना हात आवरला.

"दोन वरीस मी तोंडानं न्हाई म्हनले, चपलेनं म्हनले, दगडानं म्हनले. अजून कशानं म्हनायचं हुतं? मी त्या एसटीत खिडकीपाशी बसत नव्हते, मागं गाडी दिसू नये म्हनून. भ्या वाटायचं मला. हे तुमच्या गोष्टीत कवाच येत न्हाई."

मच्छिंद्रच्या चेहऱ्यावरचं हसू अजून गेलं नव्हतं, पण आता ते विसरल्यासारखं राहिलं होतं. आणि मग त्यानं जे केलं ते त्यानं मुद्दाम केलं नाही. नुसती सवय होती. टॉवेलाखाली छबूबाईनं मूठ आवळून धरली होती. जन्मभर शेतकऱ्यांच्या आवळलेल्या मुठी सोडवण्यात गेलेला त्याचा हात आपोआप तिची बोटं उकलायला लागला. वरचा टॉवेल हलताना सगळ्यांना दिसला.

"बघा," छबूबाई शांतपणे म्हणाली. ती मच्छिंद्रशी बोलत नव्हती. ती सरळ पार्थकडं बघत होती. "अजून बी मूठ उघडाया बघतायत."

मच्छिंद्रनं चटका बसल्यासारखा हात ओढून घेतला. टॉवेल खाली धुळीत पडला. पार्थ त्या टॉवेलाकडं बघत राहिला आणि त्याचे कान लाल झाले. बाकीच्या पोरांना एकदम आपापली कामं आठवली.

"मी सत्तावीस वरसं हसले, ती माझी चूक," ती म्हणाली. "आजपास्नं न्हाई हसनार. चला, कालवड दाखवा मला."

आणि तिनं खरंच कालवड बघितली, दात तपासले, पाय तपासले, आणि पसंत पडली नाही म्हणून घेतली नाही.

घरी मच्छिंद्र धुमसत आला. "भर बाजारात माझी अब्रू काढलीस!"

"माझी दर शुक्रवारी निघत हुती," छबूबाई म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. तिला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. सत्तावीस वर्षांत ह्या माणसानं तिला दुसरं दुःख दिलं नव्हतं. दुखण्याखुपण्यात रात्र रात्र जागला होता, तिच्या बापाच्या शेवटच्या आजारात तोच पळाला होता. म्हणून तर सांगायचं राहत गेलं. पण वाईट वाटलं म्हणून तिनं शब्द मागं घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी पार्थ गोठ्यात येऊन वासराच्या गळ्यातली दोरी उगाच सैल-घट्ट करत बसला.

"आई, तुला खरंच भ्या वाटायचं?"

"व्हय."

"पप्पांचं?"

"मागं गाडीचा आवाज आला की मी बायांच्या घोळक्यात शिरायचे. तेव्हा ते पप्पा नव्हते कुनाचे."

त्यानं दोरी सोडून दिली. मग म्हणाला, "तिला पन वाटत आसंल."

"तू काय समजतोस?"

"मी जाऊन सॉरी म्हनतो तिला."

"न्हाई."

"एकदाच, आई. फाट्यावर न्हाई, घरी जाऊन. तिला कळलं पायजे ना की मी..."

"पार्थ." छबूबाईनं हातातली पाटी खाली ठेवली. "मी आत्ता न्हाई म्हनले. तू काय केलंस?"

कळलं त्याला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं बाहीनं पुसलं, आणि छबूबाईला वाटलं की उठून त्याला जवळ घ्यावं. ती उठली नाही. हे पाणी त्याचं त्यालाच पुसू द्यायला हवं होतं.

"तिला काय बी कळायची गरज न्हाई," ती म्हणाली. "तिच्या वाटंवर तू दिसायचा न्हाईस, बास. माफी मागायला गेलास तरी मागंच गेलास."

त्यानं फोन काढून तिच्यासमोर निकिताचं सगळं पुसलं, दुसरं सिमकार्ड मोडून उकिरड्यात टाकलं. दुसऱ्या दिवसापासून दूध घालायला तो फाट्यावरून जायचा बंद झाला. कालव्याच्या कडेनं खडबडीत वाट आहे, लांबची. पावसाळ्यात तिथं गाडी रुतते. पार्थ तिथून जायला लागला आणि का जातोस असं कुणी विचारलं तर सांगत नसे.

ऊस कारखान्याला जायला लागला तेव्हा निकिता पुन्हा वाटी घेऊन आली. वाटीत आप्पासाहेबांच्या शेतातले पेरू होते.

"आता खिडकीपाशी बसते काकू," ती म्हणाली. "परीक्षा पुढच्या महिन्यात."

"आप्पा?"

"त्यांना काहीच माहीत नाही." आणि ती झपझप निघून गेली.

मच्छिंद्र बाजाराला जात होता. अजूनही गोड बोलत होता, अजूनही गाया विकल्या जात होत्या. पण टपरीवर कुणी नव्या माणसानं लग्नाची गोष्ट काढलीच तर तो चहाचे पैसे देऊन उठायचा. घरात मात्र तो विषय त्यानं काढला नव्हता. छबूबाईनंही नाही.

एका सकाळी ती धार काढत होती. मच्छिंद्र बाजाराचे कपडे घालून गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर टॉवेल होता, पण हात दोन्ही बाजूंना तसेच सोडलेले. फाट्याकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला आणि गेला.

"एक इचारू?" तो म्हणाला.

तिनं मान वर केली नाही. "इचारा."

"त्या टायमाला... मी पाठलाग न करता, सरळ येऊन इचारलं असतं, तर तू हो म्हनली असतीस का?"

छबूबाईचे हात थांबले. खोटं बोलणं सोपं होतं. माणूस समोर उभा होता, त्याचे केस पांढरे झाले होते, आणि सत्तावीस वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदा काही विचारलं होतं. म्हणूनच खोटं बोलायचं नव्हतं.

"न्हाई," ती म्हणाली. "मला मास्तरीन व्हायचं हुतं."

मच्छिंद्र उभा राहिला. त्याचे ओठ हलले. दलालाच्या तोंडाशी पुढचं वाक्य नेहमी तयार असतं, ते तिला माहीत होतं, आणि ते येण्याची तिनं वाट पाहिली.

"बरं," तो म्हणाला.

आणि ह्या वेळी तो मागं आला नाही. टॉवेल नीट घडी करून त्यानं खुंटीला अडकवला, तिच्याजवळची भरलेली बादली उचलली आणि डेअरीच्या वाटेला लागला.